माझी हरकत आहे

राजारामपुरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खाली मोबाइलवाला, वर कोचिंग क्लास, मधल्या मजल्यावर मी. बायका माप द्यायला येतात आणि मापाबरोबर घरच्या चार गोष्टी सांगून जातात. माझ्या घरची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. सांगायला लागतच नाही म्हणा. पेपरात आली होती, टीव्हीवर चार दिवस चालली होती, आणि अजूनही जिल्ह्यात कुठं भावकीत खून पडला की बातमीच्या शेवटी आमची आठवण काढतात. ‘यापूर्वी राधानगरी भागात...’ असं ते वाक्य सुरू होतं. मी पान उलटते.

माझी थोरली बहीण त्या भागात दिली होती. दाजी शेती करायचे, चार म्हशी होत्या, दूध डेअरीला घालायचे. दाजींचा थोरला भाऊ त्याच घराच्या दुसऱ्या निम्म्यात राहायचा. भांडण होतं ते रस्त्याकडेच्या एका तुकड्यावरून. आधी तिथं गवताशिवाय काही येत नव्हतं. मग धरण बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, हॉटेलं उठली आणि त्या माळाला भाव आला. दाजी म्हणत होते निम्मं निम्मं करू. त्याला निम्मं नको होतं.

पहाटे दाजी धार काढायला बसले होते. त्यानं मागून येऊन कोयत्यानं वार केला. आवाज ऐकून ताई धावत आली, तिला गोठ्याच्या दारातच गाठलं. मग तो घरात गेला. आत ताईचा मुलगा होता, पाच वर्षांचा.

ताईची मुलगी तेवढी वाचली, कारण तिची दाढ दुखत होती. राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून ताईनं तिला दोन दिवस आधी माझ्याकडं सोडलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती परत गेलीच नाही. आम्हाला मूल नव्हतं. माझ्या नवऱ्यानं एक अक्षर न विचारता तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला.

खटला चालला तेव्हा सगळे म्हणत होते, साक्षीदार फिरणार. शेजारीपाजारी फिरलेच. पण एक साक्षीदार फिरला नाही, ती म्हणजे त्याची आई. मारणाराची आई आणि मरणाराचीही. तिनं त्याला विहिरीवर कोयता धुताना बघितलं होतं. वकिलानं तिला नाना तऱ्हेनं गोंधळात पाडायचा प्रयत्न केला, अंधार होता, डोळ्यात मोतीबिंदू होता, धाकट्यावर जास्त जीव होता, असं बरंच काही. ती पिंजऱ्यात पदर घट्ट धरून उभी होती. शेवटी म्हणाली, “अंधार असू दे न्हायतर उजेड. पोटातनं काढलाय मी त्याला. चालण्यावरनं वळकतो.” आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच बोलतात. न्यायाधीश बाहेरचे असावेत. त्यांनी ते वाक्य दोनदा विचारून घेतलं.

त्याला फाशी झाली. मग वरच्या कोर्टानं ती जन्मठेप केली. मी वकिलाला विचारलं, “जन्मठेप म्हणजे जन्मभर ना?” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

काही वर्षांनी पहिल्यांदा हवालदार दुकानात आला. बिचारा भला माणूस होता. बायका बसल्या होत्या म्हणून बाहेर जिन्यात थांबून राहिला. त्या गेल्यावर आत आला आणि म्हणाला, “ताई, त्यानं रजेचा अर्ज टाकलाय. तुमचं म्हणणं घ्यायचं हाय.”

“कसली रजा?”

“संचित रजा. आत नीट वागलं की मिळती. आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, ती घरात कोण आजारी असलं, मयत झालं तर.”

रजा हा शब्द मला सुईसारखा टोचला. रजा माझा नवरा घेतो, शाळेतल्या बाई घेतात. दिवाळीला घेतात, ताप आला की घेतात. तीन माणसं तोडलेला माणूस कुठल्या कामावरून रजा घेतो?

“माझी हरकत आहे,” मी म्हणाले.

“कारण काय लिहू?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला म्हाइत हाय हो. कागदाला लागतं.”

मग मी सांगितलं की मुलीच्या जिवाला धोका आहे. खरं तर मला तसं वाटत नव्हतं. त्याला ज्याच्यासाठी मारायचं होतं ते सगळं त्या पहाटे संपलं होतं. तो तुकडाही कोर्टकज्जात पडून होता, गवत वाढवत. पण कागदाला धोका कळतो. मला तो माणूस एसटी स्टँडवर उभा राहून चहा पिताना दिसायला नको होता. हे कारण कागदाला कळत नाही.

तो अर्ज नामंजूर झाला. पुढचाही झाला. टीव्हीवर कधी कधी यावर चर्चा चालते. कायद्याची शिकलेली माणसं शांतपणे सांगतात की शिक्षा म्हणजे सूड नव्हे, माणूस बदलतो, त्याचा घराशी धागा राहिला तर तो बाहेर आल्यावर पुन्हा वाईट मार्गाला जात नाही. त्यांचं बोलणं मला खोडून काढता येत नाही. मी शिलाई करणारी बाई. पण ऐकताना दर वेळी वाटतं, ही माणसं ज्या घराबद्दल बोलतात ते घर त्यानंच ठेवलं नाही, तर धागा बांधायचा कशाला?

एक दिवस ती म्हातारी, त्याची आई, आली. गावाहून एसटीनं, एकटी. जिना चढताना दम लागला होता. हातात दह्याचा डबा. मी तो घेतला नाही. तिनं तो स्वतःच मशीनशेजारी ठेवला.

“पोरगी कुटं हाय?”

“कॉलेजला.”

“बरं झालं. तुज्याशीच बोलायचं हुतं.” बाकावर टेकत ती म्हणाली, “तू न्हाय म्हणू नगंस या खेपेला. मला एकदा त्याला बगायचं हाय.”

मला हातातली कात्री खाली ठेवावी लागली. “तुमच्याच साक्षीनं गेला की तो आत.”

“व्हय. माज्याच साक्षीनं. खरं हुतं ते बोललो.”

“आणि आता सोडा म्हणता?”

“सोडा न्हाय म्हणत. दाखवा म्हणतो.”

“मावशी, माझी बहीण मला कोण दाखवणार?” मी ओरडलेच. “दाजी? ते पोर? त्यांचा अर्ज कुणाकडं करायचा?”

वर क्लासमध्ये पोरं पाढ्यासारखी काहीतरी सूत्रं म्हणत होती. मग ती म्हणाली, “तुजी भन गेली. माजा ल्योक गेला, सून गेली, नातू गेला. आन ज्यानं मारलं त्योबी माजाच. तू त्याला शिव्या तरी देतीस. मी कुणाला दिऊ?”

मला तिचाच राग आला. मी म्हणाले, माझी हरकत कायम आहे. ती उठली, पदर सारखा केला, जिना उतरून गेली. दही मी कामवाल्या बाईला देऊन टाकलं. मुलीला काही सांगितलं नाही. पण तिला कळलंच. आजी जाताना कॉलेजच्या फाटकावर तिला भेटून गेली होती.

त्यानंतर वर्षभरात म्हातारीच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापुरात दाखवलं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. या वेळी त्याच्या पॅरोलच्या अर्जासाठी हवालदार आला तो दुसराच होता, तरुण. मी हरकत सांगितली, त्यानं लिहून घेतली आणि जाता जाता म्हणाला, “या खेपेला मिळंल बहुतेक. आईचं शेवटचं हाय.” मिळाली. अटी होत्या, रोज पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, तालुक्याबाहेर जायचं नाही.

मुलगी तेव्हा शिकून वरच्या क्लासमध्येच गणित शिकवायला लागली होती. ती म्हणाली, “मला आजीला बघायला जायचंय.”

“तो आत गेल्यावर जा.”

“तोवर ती राहणार नाही.”

“तो तिथं आहे!”

“माहीत आहे मला.” ती चपला घालत होती. “मावशी, तू नको येऊस. तुला झेपणार नाही.”

मी गेले. तिला एकटीला कशी सोडणार?

त्या घरी मी खटल्यानंतर पहिल्यांदाच पाय ठेवत होते. मनात इतक्या वर्षांत मी त्याच्याशी शंभर वेळा बोलले होते. मशीन चालवताना बोलले होते, भाजी निवडताना बोलले होते. तो मला लालबुंद डोळ्यांचा, दाढी वाढलेला दिसायचा. प्रत्यक्षात सोप्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक स्वच्छ दाढी केलेला, पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता. इस्त्रीचा सदरा. समोर गावातली चार माणसं, सगळ्यांच्या हातात चहा. खटल्यात फिरलेले दोघं त्यात होते. त्यातला एक मला बघून गडबडला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “या की, बसा. लई बदललाय बघा ह्यो. आतल्या पोरास्नी भजन शिकवतोय म्हणं.”

कुणीतरी माझ्या पुढं चहाचा कप केला. माझ्या बहिणीच्या सोप्यात मला परक्यासारखा चहा देत होते. मी उभीच राहिले.

तो उठून उभा राहिला होता. माझ्याकडं बघितलं नाही. मुलीकडं बघितलं आणि लगेच खाली. ती सरळ आत आजीजवळ गेली. मी तिच्यामागं.

म्हातारीचं नुसतं कातडं उरलं होतं. तिनं नातीचा हात धरला आणि सोडला नाही. थोड्या वेळानं तो पेल्यात दूध घेऊन दारात आला. म्हणाला, “आये, दूध घेतीस का वाईच?”

मुलगी दचकली. पाठ ताठ झाली तिची. मीही दचकले. तो आवाज दाजींचा होता. हुबेहूब, शेवटचा स्वर जरा ओढायची लकबसुद्धा. दोघं भाऊ आवाजानं सारखे होते हे मी विसरून गेले होते. दाजींचा फोन तेव्हा मुद्देमालात जमा झाला, तो परत मिळालाच नाही. त्यांचा आवाज आमच्याकडं कुठंच नव्हता. तेरा वर्षांनी पोरीला बापाचा आवाज ऐकायला मिळाला, तो या तोंडातून.

तिनं उठून त्याच्या हातातला पेला घेतला. आजीला चमच्यानं दूध पाजलं. मग पेला खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती थोबाडीत देणार. मला तेच हवं होतं.

ती हळू म्हणाली, “एक विचारायचंय. खरं सांगायचं.”

त्यानं मान हलवली.

“माझा भाऊ जागा होता?”

म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. तो चौकटीला धरून उभा होता. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं, सरळ, आणि मला कळलं की मला काय माहीत आहे ते त्यालाही माहीत आहे.

कोर्टात मी एकही तारीख चुकवली नव्हती. शवविच्छेदन करणारे डॉक्टर साक्षीला आले तेव्हाही मी होते. त्यांनी सांगितलं होतं की मुलाच्या दोन्ही तळहातांवर जखमा होत्या. सरकारी वकिलानं न्यायाधीशांना समजावं म्हणून स्वतःचे दोन्ही हात तोंडापुढं धरून दाखवले होते. असे. ते हात मी अजून बघते. पोरगी तेव्हा शाळेत होती. तिला हे मी कधी सांगितलं नाही, सांगणारही नव्हते.

“झोपला हुता,” तो म्हणाला. “त्याला कायबी कळलं न्हाय.”

दाजींच्या आवाजात म्हणाला.

पोरीनं दीर्घ श्वास घेतला, आणि तिचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत मी तिचे खांदे असे खाली आलेले बघितले नव्हते. मला ओरडायचं होतं की खोटं बोलतोय, हा आताही खोटं बोलतोय. तोंड उघडलं असतं तर तिला ते हात दाखवावे लागले असते. मी गप्प बसले. त्यानं माझ्या गप्प बसण्याकडं बघितलं आणि मान खाली घालून बाहेर गेला.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “मावशी, मला रोज वाटायचं, त्यानं आईला हाका मारल्या असतील. एकदा तरी कुणीतरी नाही म्हणून सांगायला पाहिजे होतं. हे सांगणारं जगात दुसरं कोण होतं?”

मी म्हणाले, “बरं झालं.” दुसरं काय म्हणणार?

म्हातारी चारच दिवसांनी गेली. त्यानं अग्नी दिला, दिवस घातले आणि मुदत संपायच्या दिवशी सकाळीच जेलच्या दारात जाऊन उभा राहिला. गावात केवढं कौतुक. दुकानात आलेल्या त्या भागातल्या एका बाईनं मला ओळखलं नाही आणि ब्लाउजचं माप देता देता सांगितलं, “आमच्या गावचा एक हाय, लई वंगाळ केस त्येची. पर आय गेली तवा सुटून आल्ता, तर येळंत परत गेला हो. न्हायतर हल्ली पळून जात्यात. शब्दाला जागला.” मी टेप तिच्या दंडाभोवती धरला होता. तो किती आला ते मला दोनदा बघावं लागलं. पळून गेला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. पळून गेला असता तर मी बरोबर ठरले असते.

पुढचा अर्ज आला संचित रजेचा. तोच तरुण हवालदार. या वेळी त्यानं सांगितलं की मुलगी सज्ञान आहे, मयतांची सगळ्यांत जवळची तीच, तेव्हा तिचंही म्हणणं घ्यायला लागेल. तिला वरून बोलावलं. बोटांना खडू लागलेला होता.

“माझी हरकत आहे,” मी आधी म्हणाले.

ती म्हणाली, “माझी नाही.”

हवालदार दोघींच्या तोंडाकडं बघत राहिला. मी त्याच्यादेखतच बोलले, “तुझ्या आईला काय वाटेल?”

“आईला काय वाटेल ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी त्याला माफ केलेलं नाही, मावशी. करणार पण नाही. पण तो आत असला काय आणि पंधरा दिवस बाहेर आला काय, मला आता त्याची भीती वाटत नाही. आधी वाटायची. रोज. त्यानं खरं सांगितलं, एवढं तरी केलं त्यानं.”

खरं. मी मशीनच्या कडेला धरून उभी राहिले. हवालदारानं मला विचारलं, “ताई, तुमचं कारण काय लिहू? पोरीच्या जिवाला धोका असं आता कसं लिहायचं, तीच न्हाय म्हणतीया.”

एक कारण होतं माझ्याकडं. एका वाक्याचं. ते सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथं माझ्या बाजूला आली असती. तिचे खांदे पुन्हा वर गेले असते, आणि मग ते जन्मात खाली आले नसते. मी म्हणाले, “कारण काही नाही. नुसती हरकत लिहा.”

“नुसती लिहून काय उपेग न्हाय.”

“तरी लिहा.”

त्याला रजा मिळाली. आजीचं वर्षश्राद्ध त्या पंधरवड्यातच पडत होतं. मुलगी गावाला गेली. मी गेले नाही, आणि नवऱ्यालाही जाऊ दिलं नाही. दुकान उघडं ठेवलं, लग्नसराईचं काम होतं. एका नवरीच्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली आणि सगळी उसवून पुन्हा बसवली.

ती संध्याकाळी आली ती पिशवीत तांदूळ घेऊन. बापाच्या वाट्याच्या शेतातला, नुकता कांडून आणलेला. तिच्या हिश्शाची शेती आता कोण भावकीतला कसतो, त्यानं दिला म्हणाली. मी विचारलं, “तो होता?”

“होता. पंगतीला वाढत होता.”

“बोललीस?”

“नाही. लांब बसले होते. आवाज ऐकू येत होता नुसता.”

तिनं स्वतःच कुकर लावला. नव्या तांदळाचा वास सगळ्या घरात सुटला. ताई माहेरपणाला यायची तेव्हा पिशवीतून हाच वास यायचा. माझा नवरा मुकाट्यानं ताटं घेऊन बसला. तिनं तिघांना भात वाढला. मी माझ्या ताटातला भात परत पातेल्यात घातला आणि सकाळची भाकरी घेतली. तिनं आमटी माझ्याकडं सरकवली आणि जेवायला लागली, पोटभर, भूक लागलेल्या माणसासारखी.